प्लेअर्सची १९३० आणि १९३८ ची क्रिकेटपटू कार्डे: दोन संच जुळवण्याच्या नोंदी

२१ एप्रिल २०२४

नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेअर अँड सन्स या तंबाखू कंपनीने १९३० आणि १९३८ या दोन्ही वर्षी सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची पन्नास-पन्नास कार्डे काढली. दोन्ही उन्हाळ्यांत ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. त्यामुळे दोन्ही संचांत इंग्लिश खेळाडूंच्या जोडीला ऑस्ट्रेलियन खेळाडू आहेत आणि अर्थातच दोन्हींत ब्रॅडमन आहे. १९३० च्या संचात आपल्या वाचकाला ओळखीचे आणखी एक नाव भेटते, ते ससेक्सच्या दुलीपसिंहजींचे. त्यांनी त्याच उन्हाळ्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपल्या पहिल्या कसोटीत १७३ धावा केल्या होत्या. हे दोन्ही संच ठाण्यात बसून, पंधरा हजार रुपयांच्या आत पूर्ण करायचे असे ठरवले आहे.

१९३८ चा संच दुर्मिळ नाही. बरा संच ३५ पौंडांना देतो असे एका ब्रिटिश विक्रेत्याने कळवले आहे. १९३० च्या संचाला तोच विक्रेता ७० पौंड मागतो. दोन्ही सरळ विकत घेतले तर महिन्याभरात काम संपते आणि करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून बेत असा आहे: १९३८ च्या सुट्या कार्डांचा मोठा गठ्ठा स्वस्तात घ्यायचा, त्यातली उत्तम पन्नास निवडून ठेवायची आणि उरलेली दुबार कार्डे देऊन १९३० ची कार्डे अदलाबदलीने मिळवायची.

२ मे

साहित्य जमवले. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या स्पष्ट खुणा असलेली पोलादी पट्टी, नोटा तपासण्याचा जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा (लोहार चाळ, २५० रुपये) आणि आर्द्रता दाखवणारे घड्याळाएवढे यंत्र (४०० रुपये). कार्ड ठेवण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे घेतली. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटे बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांत प्लास्टिक मऊ राखणारी द्रव्ये असतात, ती कालांतराने बाहेर येऊन छपाईला चिकटतात. नाण्यांच्या संग्राहकांना हा अनुभव नवा नाही. दुकानदाराला ‘पीव्हीसी नको’ असे सांगून उपयोग होत नाही. पाकीट नाकाशी धरून पाहणे हीच त्यातल्या त्यात खात्रीची परीक्षा.

१९ मे

पहिला गठ्ठा आला. १९३८ ची ११८ सुटी कार्डे, २२ पौंड. टपालखर्च ११ पौंड. शिवाय पोस्टमनच्या हाती भरलेले सीमाशुल्क वेगळे. शुल्काची रक्कम आधी हिशेबात धरली नव्हती. ती कार्डांच्या किमतीवर आणि टपालखर्चावरही बसते, त्यामुळे दोन-चार कार्डांची छोटी पाकिटे वारंवार मागवणे परवडणारे नाही. यापुढे एकाच विक्रेत्याकडून एकदम मागवायचे.

कार्डाचे माप ६८ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे पाकिटातल्या सिगारेटींना आधार देणारा पुठ्ठा जेवढा असावा तेवढे. पुढे रंगीत चित्र, मागे क्रमांक आणि खेळाडूची माहिती. वर्गवारी मागच्या क्रमांकावरून केली. आधी सारी कार्डे पाठ वर करून क्रमांकाप्रमाणे ओळीत लावावीत, मग प्रत्येक क्रमांकातली सर्वांत चांगली प्रत निवडावी. चित्र पाहून निवडायला लागले की डोळा नावाला भुलतो आणि चुरगळलेला हॅमंड स्वच्छ पण अनोळखी गोलंदाजाच्या वर जाऊन बसतो.

प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे भिंगाखाली पाहिले. घडी शोधण्यासाठी कार्ड दिव्याच्या तिरक्या प्रकाशात धरून सावकाश फिरवावे. समोरून मुळीच न दिसणारी रेघ त्या कोनात एकदम उठून दिसते. पन्नासपैकी ४३ क्रमांक या गठ्ठ्यात निघाले. ऑस्ट्रेलियाच्या मॅककेबच्या तीन प्रती मिळाल्या, आणि त्याचा आनंद झाला, कारण त्याने त्याच उन्हाळ्यात कारखान्याच्या गावी, नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर, २३२ धावांची ती थोर खेळी केली होती. ब्रॅडमन नव्हताच. सुट्या कार्डांच्या गठ्ठ्यात ब्रॅडमन सापडेल ही आशा कोणी बाळगू नये; गठ्ठा विक्रीला निघण्याआधीच त्याची रवानगी वेगळ्या पाकिटात झालेली असते.

८ जून

१९३० चा ब्रॅडमन सुटा मागवला होता, १८ पौंड. त्या दौऱ्यात त्याने पाच कसोटींत ९७४ धावा केल्या, त्यामुळे त्या वर्षीच्या त्याच्या कार्डाला मागणी कायम असते आणि जिथे मागणी असते तिथे नकलाही असतात. पाकिटातून बाहेर काढताच कार्ड जरा जास्तच ताठ वाटले. खोली अंधारी करून जांभळा दिवा त्यावर धरला, तर पाठ निळसर पांढरी उजळून निघाली. शेजारी ठेवलेली १९३८ ची कार्डे मात्र मंद, पिवळट, जवळजवळ काळोखातच राहिली. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली आणि ती अतिनील प्रकाशात चमकतात. १९३० च्या कागदात ती असण्याचे कारणच नाही. भिंगाखाली चेहऱ्यावर आजच्या छपाईतल्या रंगीत ठिपक्यांची फुलासारखी नियमित रचनाही दिसली.

या परीक्षेला एक अपवाद आहे, तो ध्यानात ठेवावा. कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच चमकणारी रसायने असतात. डाग काढण्यासाठी कोणी जुने कार्ड साबणाच्या पाण्यात बुडवले असेल, तर अस्सल कार्डही उजळेल. मात्र ती चमक बहुधा सर्वत्र सारखी नसते, ढगाळ असते. माझ्याकडच्या कार्डाची पाठ कडेपासून कडेपर्यंत एकसारखी उजळली होती. अंधारात काढलेली दोन छायाचित्रे विक्रेत्याला पाठवली. त्याने वाद न घालता पैसे परत केले. टपालखर्च आणि शुल्क मात्र बुडाले.

१४ जुलै

दहा दिवसांच्या सलग पावसानंतर डबा उघडला. खोलीतली आर्द्रता ८६ टक्के. १९३८ च्या दुबार कार्डांचा गठ्ठा, जो रबर बँड लावून डब्यात तसाच ठेवला होता, तो एकसंध वडी होऊन बसला आहे.

या संचाचे वैशिष्ट्यच नडले. १९३० च्या कार्डांची पाठ साधी आहे. १९३८ च्या कार्डांच्या पाठीला मात्र टपाल तिकिटासारखा डिंक लावलेला आहे. कंपनी एक पेनीला आल्बम विकत असे आणि मुलांनी कार्डाची पाठ ओली करून ते त्यात चिकटवावे अशी योजना होती. इंग्लंडच्या कोरड्या कपाटात हा डिंक ८६ वर्षे निपचित पडून राहिला आणि ठाण्याच्या एका जुलैत जागा झाला. ब्रिटिश संग्राहकांनी लिहिलेल्या साठवणुकीच्या सूचनांत या धोक्याचा उल्लेख मला तरी कुठे आढळला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मुंबई-ठाणे-रत्नागिरीकडच्या माणसाने तो स्वतःच गृहीत धरायला हवा.

निवडलेली कार्डे स्वतंत्र पाकिटांत होती म्हणून वाचली, तरी त्यातल्या सहांची पाठ पाकिटाला धरू लागली होती. चिकटलेली दुबार कार्डे साठेक.

२१ जुलै

चिकटलेली कार्डे सोडवण्याचे जे जे उपाय केले ते क्रमाने लिहितो.

पहिला उपाय सुरीचा. दाढीच्या पात्याने कडेपासून सोडवायला गेल्यास वरच्या कार्डाच्या पाठीचा कागद खालच्या चित्रावर राहतो आणि दोन्ही कार्डे जातात. हा मार्ग पूर्ण वर्ज्य समजावा.

दुसरा उपाय फ्रीजरचा. तिकिटे जमवणारे लोक हा सांगतात: जोडी हवाबंद पिशवीत घालून रात्रभर गोठवायची आणि बाहेर काढताच हलकेच वाकवायची. थंडीने डिंक ठिसूळ होतो आणि कागदापासून सुटतो. कडेला थोडीशी चिकटलेली जोडी याने कट् असा आवाज करून सुटली. पूर्ण पृष्ठभागाने चिकटलेल्या कार्डांवर काहीच परिणाम झाला नाही. पिशवी उघडण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला आणली तर डिंक पुन्हा मऊ होतो आणि थंड असतानाच उघडली तर कार्डावर दव धरते, म्हणून हातात वेळ फार थोडा असतो.

तिसरा उपाय घामाच्या डब्याचा, आणि तोच खरा उपयोगी पडला. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घेऊन तळाशी पिळून काढलेला ओला टीपकागद अंथरावा, त्यावर प्लास्टिकची जाळी ठेवावी आणि जाळीवर कार्डांचा चिकटलेला गठ्ठा ठेवून झाकण लावावे. पाणी कार्डाला कुठेही लागता कामा नये. काम फक्त वाफेने व्हायला हवे. काही तासांनी डिंक इतका मऊ होतो की वरचे कार्ड कोपऱ्याला धरून आडव्या दिशेने सरकवता येते. वर ओढायचे नाही, सरकवायचे. ज्या क्षणी कार्ड अडते त्या क्षणी हात थांबवून झाकण पुन्हा लावावे. सुटलेले कार्ड डिंकाची बाजू वर करून बटर पेपरवर ठेवावे, तासाभराने दोन बटर पेपरांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली दाबावे. दाबताना टीपकागद वापरू नये, तो डिंकाला धरतो.

साठपैकी निम्म्याहून थोडी अधिक कार्डे धड सुटली. बाकीच्यांच्या चित्रावर डिंकाचा चकाकणारा डाग राहिला. तो पाण्याच्या बोळ्याने निघतो, पण तेवढ्या जागेचे तेज जाते. अशी कार्डे अदलाबदलीला पाठवताना तसे स्पष्ट लिहावे लागेल.

४ ऑगस्ट

साठवणुकीची नवी व्यवस्था केली. प्रिन्सेस स्ट्रीटवरून एक किलो सिलिका जेल आणले, ओलावा शोषल्यावर नारंगीचे हिरवे होणारे. निळ्याचे गुलाबी होणारे जेलही मिळते, पण त्यात कोबाल्ट असते, म्हणून घरात मुले असतील तर ते नको. जेल कापडी पुरचुंड्यांत बांधून रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवले. हिरवे झाले की सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. त्यासाठी जुना, स्वयंपाकातून बाद झालेला ओव्हन वेगळा ठेवला आहे. प्रत्येक कार्डाच्या पाठीशी पाकिटात बटर पेपरचा तुकडा घातला.

पहिल्या आठवड्यात जेल जास्त झाले आणि डब्यातली आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली. त्याबरोबर कार्डे पापडासारखी पाठीकडे वळू लागली, कारण डिंकाचा थर सुकताना कागदापेक्षा अधिक आकसतो. निम्म्या पुरचुंड्या काढल्यावर आकडा ५० च्या आसपास स्थिरावला आणि दोन-तीन दिवसांत कार्डे पुन्हा सरळ झाली.

१ सप्टेंबर

अदलाबदलीचा बेत फसला आहे. यॉर्कशायरमधल्या एका ज्येष्ठ संग्राहकांशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांच्याकडे १९३० ची भरपूर दुबार कार्डे आहेत. माझी १९३८ च्या दुबार कार्डांची यादी पाहून त्यांनी अत्यंत सभ्यपणे कळवले की अशी कार्डे त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यांतून पडून आहेत आणि हटन, हॅमंड, ब्रॅडमन सोडून कोणाचीही त्यांना गरज नाही. विचार केला तर हे उघड आहे. जे तिथे उदंड आहे ते इथून शुल्क आणि टपाल भरून परत तिथे पाठवण्यात काहीच व्यवहार नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते की भारतात क्रिकेटची कार्डे कधी निघाली होती का, आणि निघाली असल्यास ती पाहायला मिळतील का.

२९ सप्टेंबर

हा प्रश्न भलताच फलदायी ठरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रे येत. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत आणि ते जमवून बक्षीस मिळे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ती जमवली आणि बहुतेकांच्या आईंनी दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घातली. मात्र काड्यापेट्यांचे छाप जमवणारे डोंबिवलीचे एक काका काहीच टाकत नाहीत. त्यांच्याकडे एका बिस्किटांच्या डब्यात अशी सव्वाशेच्या वर चित्रे निघाली. कागद पातळ, काहींवर साखरेचे कण आणि मुंग्यांनी कुरतडलेल्या कडा. पण रंग टवटवीत. काकांना पैसे नको होते. माझ्याकडे पडून असलेल्या जुन्या काड्यापेट्यांच्या छापांची एक वही त्यांना दिली आणि त्यांनी चाळीस चित्रे निवडू दिली. ती निवडताना इंग्लिश खेळाडूंची आधी घेतली, कारण यॉर्कशायरच्या माणसाला आपल्याकडच्या बबलगमवर आपला माणूस पाहण्यात जी गंमत वाटेल ती दुसऱ्या कशात नाही.

२० ऑक्टोबर

यादी आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवून सौदा ठरला: बिग फनची ३६ चित्रे आणि हटनची दोन कार्डे यांच्या बदल्यात १९३० ची ३१ कार्डे, त्यात दुलीपसिंहजी. संख्येला संख्या असा हिशेब त्यांनीच नाकारला. दोघांनी आपापल्या मालाची किंमत लिहायची, फरक पाच पौंडांच्या आत असेल तर पुढचे बोलायचे नाही, अशी त्यांची पद्धत आहे आणि ती मला पटली.

बांधणी अशी केली: चार-चार चित्रे एका कडक पाकिटात, पाकिटांना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या नाळ्या एकमेकींना काटकोनात, जेणेकरून टपालाच्या थैलीत ते कोणत्याच दिशेने वाकू नये. चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला. पाकिटाच्या तोंडाला लावली तर उघडताना कार्ड पट्टीला घासते. सीएन २२ या जकातीच्या चिठ्ठीवर ‘जुनी छापील चित्रे, संग्रहासाठी’ असे लिहून खरी किंमत टाकली. कमी किंमत लिहिण्याचा सल्ला अनेक जण देतात. पाकीट हरवले तर भरपाईही त्याच कमी किमतीने मिळते, हे ते सांगत नाहीत.

२४ नोव्हेंबर

पाकीट आले. कार्डे कळवल्याप्रमाणेच, काही तर कळवल्यापेक्षा चांगली. दुलीपसिंहजींच्या कार्डाचे चारही कोपरे शाबूत आहेत आणि १९३० च्या साध्या पाठीमुळे पावसाळ्याची भीतीही नाही.

याच सुमारास दुसऱ्या एका विक्रेत्याकडून १९३८ चे राहिलेले सात क्रमांक ब्रॅडमनसह एकदम घेतले, २९ पौंड. त्यातला एक वरवर पाहता फारच देखणा होता: कडा धारदार, कोपरे टोकदार. शंका आली म्हणून तो इतर कार्डांच्या गठ्ठ्यात उभा धरून टेबलावर ठोकला, तर उंचीने किंचित खाली राहिला. पट्टीने ६७ मिलिमीटर. झिजलेली कड कोणीतरी कापून काढली होती. कारखान्यातल्या कापणीतही थोडा फरक पडतो, म्हणून केवळ पट्टीवर विसंबू नये. कापलेल्या बाजूची पांढरी चौकट समोरच्या बाजूपेक्षा अरुंद आहे का आणि कडेचा कागद बाकी तीन कडांपेक्षा उजळ आहे का, हेही पाहावे. इथे दोन्ही खुणा होत्या. परत पाठवण्याचा खर्च कार्डाच्या किमतीच्या तिप्पट होत असल्याने ते तूर्त संचात ठेवले आहे आणि पाकिटावर पेन्सिलीने ‘कापलेले’ असे लिहिले आहे.

१५ डिसेंबर

आजवरचा खर्च: कार्डे ६,३०० रुपये, टपाल ४,१०० रुपये, शुल्क २,२५० रुपये, साहित्य २,४०० रुपये, एकूण १५,०५० रुपये. खर्च मर्यादेच्या पन्नास रुपये पुढे गेला आहे आणि १९३० ची १९ कार्डे, ब्रॅडमन धरून, अजून उणी आहेत. विक्रेत्याकडून दोन्ही पूर्ण संच घेतले असते तर याहून कमीत आले असते, हे कोणी विचारण्याआधीच लिहून ठेवतो. पण डब्यात आज १९३८ चा पूर्ण संच आहे आणि त्यातले कुठले कार्ड कुठून आले, कशाने चिकटले आणि कसे सुटले हे प्रत्येकाच्या चिठ्ठीवर नोंदलेले आहे.

यॉर्कशायरहून पुन्हा पत्र आले आहे. त्यांना बिग फनचे आणखी काही खेळाडू हवे आहेत आणि त्यांनी क्रमाने नावे लिहून पाठवली आहेत; बदल्यात १९३० चे बारा क्रमांक देऊ करतात. ब्रॅडमन त्यांच्या यादीत नाही. काकांना दूरध्वनी केला, तर त्यांनी विचारले की त्या साहेबांकडे जुन्या इंग्लिश काड्यापेट्यांचे छाप आहेत का ते आधी विचारून घे. विचारले आहे. उत्तर आल्यावर पुढची यादी करीन.